ओलावा किती, आणि तो सांगायचा कोणी?

दोन वर्षांमागे दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत आम्ही घरचे सोयाबीन टेम्पोत भरून बाजाराच्या गावी नेले. चार दिवस अंगणात पसरून, उलथून-पालथून वाळवलेला माल होता. पहिल्या दुकानात त्यांनी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे काढले, यंत्रात ओतले आणि आकडा वाचला.

"काका, माल वला हाय. चौदाच्या वर दावतंय. कापून घ्यावं लागंल."

"अहो, चार दिस उन्हात हुतं."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? यंत्रच बोलतंय."

आम्ही त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेलो. तेच पोते, तसेच यंत्र, पण आकडा तेराच्या खाली. आम्हाला बरे वाटले. तेवढ्यात दुकानदार म्हणाले, "वलावा ठीक हाय, पर माल डागी हाय." कारण बदलले, पण क्विंटलमागे कापलेले पैसे जवळजवळ तेवढेच निघाले. टेम्पोचे भाडे चालू होते, पश्चिमेला आभाळ भरून आले होते. माल तिथेच उतरवला.

आपल्या धर्मग्रामात शेती करणारी कुटुंबे आहेत, अडतीवर हिशेब लिहिणारे आहेत, किराणा दुकान चालवणारे आहेत. त्यामुळे हा विषय निघाला की मिस्सानंतरच्या गप्पांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, व्यापारी लुटतात. दुसरा म्हणतो, शेतकरी वरच्या थरात चांगला आणि तळाशी ओला माल भरतात. दोन्हींत तथ्य आहे. पण आम्हाला वाटते, खरा प्रश्न त्यांच्या भांडणाखाली दबून गेला आहे. जो विकत घेणार आहे, त्यानेच मालाची प्रत ठरवावी का? आणि ठरवलीच, तर त्याच्यावर कोणते बंधन आहे?

आधी यंत्राविषयी. ते पाण्याचे वजन करत नाही. दाण्यांमधून विजेचा परिणाम कसा होतो ते पाहून आतल्या ओलाव्याचा अंदाज बांधते. म्हणून दाणे गरम आहेत की गार, ते सैल पडले की दाबून भरले, यंत्र सोयाबीनसाठी लावले आहे की आधीच्या गिऱ्हाइकाच्या मक्यासाठी, यावर आकडा हलतो. पक्के उत्तर हवे तर प्रयोगशाळेत दाणे भट्टीत सुकवून आधीचे आणि नंतरचे वजन पाहावे लागते. तेव्हा दोन दुकानांत दोन आकडे आले म्हणजे कोणीतरी खोटे बोललेच, असे नाही. पण वजनकाट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे की नाही हे आपण वाकून पाहतो. ओलावा मोजणारे यंत्र शेवटचे कधी तपासले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

आता थोडे गणित, कारण ते कोणी समजावून सांगत नाही. ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के धरली जाते. समजा आपले सोयाबीन १४ टक्क्यांचे आहे. म्हणजे शंभर किलोंत ८६ किलो कोरडा माल आहे. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळला तर वजन सुमारे ९७ किलो ७३० ग्रॅम भरेल. म्हणजे निव्वळ पाण्यापोटी न्याय्य कपात आहे क्विंटलमागे सव्वादोन किलोंच्या आसपास. १५ टक्के असेल तर साधारण ३ किलो ४०० ग्रॅम. २०२४-२५ च्या हंगामातला ४८९२ रुपये हमीभाव धरला तर १४ टक्क्यांना ही कपात १११ रुपयांच्या घरात येते. वाळवण्याची मजुरी, जागा, बुरशीची धास्ती यांचे काही वर धरावे, तेही रास्त आहे. त्याहून पुष्कळ जास्त कापले गेले, तर ते पैसे पाण्याचे नव्हेत.

आणि याची दुसरी बाजू. एखाद्या बाईने माल चांगला खणखणीत, १० टक्क्यांपर्यंत वाळवून आणला, तर तिच्या शंभर किलोंत १२ टक्क्यांच्या हिशेबाने १०२ किलोंहून जास्त माल आहे. तिला कोणी वरचे दोन किलो मोजून देतो का? आमच्या पाहण्यात तरी नाही. तिचा कोरडा माल आणि शेजाऱ्याचा ओला माल गोदामात एकत्र होतात आणि मिळून बारा टक्क्यांचे होतात. ओल्याचे कापले, कोरड्याचे दिले नाही. प्रामाणिकपणे वाळवणाऱ्याला वाळवल्याचा भुर्दंड पडतो, आणि पुढच्या वर्षी तोही कशाला उन्हात राबेल?

गव्हाचे तर यंत्रही नाही, नुसता तळहात. कोणी म्हणतो तजेला नाही, कोणी म्हणतो दाणा पोचट आहे, कोणी मातेरे जास्त म्हणतो. खपली गव्हाला कोंड्याचे कवच चिकटलेले असते, म्हणून सडल्यावर किती दाणा निघेल याचा अंदाज डोळ्यांनीच करायचा, आणि तो अंदाज घेणाऱ्याचा.

बरे, ही मापे काही दगडावर कोरलेली नाहीत. मार्च २०२२ मध्ये उन्हाच्या लाटेने उत्तरेकडचा गहू आकसला, तेव्हा केंद्र सरकारने पंजाब-हरियाणातल्या खरेदीत आकसलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेली, तीही भाव न कापता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोयाबीनच्या सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. (विधानसभेचे मतदान त्याच महिन्यात होते, हे आमच्या लक्षात राहिले आहे.) पण ऑक्टोबरात ज्याने गरजेपोटी माल विकला, त्याचे चौदा टक्के 'ओले' ठरून गेले होते. दाणा तोच, फक्त महिना वेगळा.

पवित्र शास्त्रात या विषयाला जागा आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. अनुवादाच्या पुस्तकात पिशवीत दोन वजने, एक भारी व एक हलके, बाळगण्याची मनाई आहे. त्या काळी वजने दगडाची असत. एका दगडाने घ्यायचे, दुसऱ्याने विकायचे. आज इलेक्ट्रॉनिक काटा आहे, दगड बाळगता येत नाहीत. पण घेताना 'डागी' ठरलेला माल विकताना 'एक नंबर' ठरत असेल, तर पिशवीत दोन दगड अजून आहेत. मात्र आपण शेतकऱ्यांनीही फार ताठ बसू नये. संदेष्टा आमोस धान्यात भुसा-केर मिसळून विकणाऱ्यांवर तुटून पडतो, म्हणजे तो विकणाऱ्यावर रागावलेला आहे. तळाशी ओले पोते भरणारा हात त्याने पाहिला असता, तर त्यालाही सोडले नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रश्न लिहिला आहे. विकणाऱ्याने मालातला लपलेला दोष सांगितला पाहिजे, असे ते म्हणतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. समजा, विकणाऱ्याला आपल्या मालाची किंमत ठाऊक नाही, आणि तो सोने पितळ समजून देऊन टाकतो आहे. घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर त्याने अन्याय केला आणि भरपाई करणे त्याला बंधनकारक आहे. 'त्याने खुशीने विकले' ही सबब तिथे चालत नाही. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. कारण बाजारात जाणकार असतो तो घेणारा. दिवसाला शंभर पोती त्याच्या हाताखालून जातात, आपण वर्षातून एकदा जातो. ज्याचे ज्ञान जास्त, त्याची जबाबदारी जास्त.

त्याच प्रश्नात ते असेही म्हणतात, की मापे न्याय्य ठरवून देणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. ते केवळ सज्जनपणावर सोडू नये.

डोळ्यांनी प्रत ठरवणे मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. सांगलीच्या आणि तासगावच्या सौद्यांत बेदाणा अजूनही रंग, गोलाई, गोडी पाहूनच घेतला जातो, हळदीचेही तसेच. पण तिथे दहा खरेदीदार एकाच ढिगाभोवती उभे असतात. एकाने उगाच नाक मुरडले, तर दुसरा बोली वाढवतो. एक डोळा दुसऱ्याला सावरतो. गावच्या वेशीवर एकटा टेम्पो उभा असतो, त्याच्याकडून बियाण्याची उचल घेतलेली असते, तिथे दुसरा डोळा कुठून आणायचा?

कॅनडात गहू पिकवणाऱ्यांनी हेच दुःख शंभर वर्षांपूर्वी भोगले. तिथे १९१२ साली धान्याचा कायदा झाला. गोदामवाल्याने लावलेली प्रत शेतकऱ्याला पटली नाही, तर दोघांच्या समोर काढलेला नमुना सरकारी धान्य आयोगाकडे जातो आणि त्याचा निकाल दोघांनाही मान्य करावा लागतो. आपल्याकडे प्रतवारीचा कायदा १९३७ पासून आहे, अ‍ॅगमार्कचा शिक्का त्याच्याच आधारे मिळतो. हळदीच्या पुडीवर तो आपण पाहतो. पण शेतकऱ्याच्या पोत्यापर्यंत, विक्रीच्या त्या पाच मिनिटांपर्यंत, तिऱ्हाईत माणूस क्वचितच पोहोचतो.

मध्यंतरी धान्याच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांशी आम्ही हे बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "समजा, मला पटलं की मी जास्त कापलं. परत कुणाला देऊ? चारशे माणसं आली-गेली. प्रत्येकाचं किलो-दोन किलो." आम्ही निरुत्तर झालो. जक्कयाने चौपट परत करीन म्हटले, पण तो कर गोळा करणारा होता, कोणाकडून काय घेतले हे त्याला ठाऊक असावे. घरी येताना आम्हाला आमची त्या ऑक्टोबरातली पट्टी आठवली. डब्यातून काढून पाहिली. वजन होते, भाव होता, हमाली होती, बारदान होते. ओलावा किती आणि डागी किती, याचा रकानाच नव्हता. कपात भावातच मुरवली होती. दुकानाच्या पट्टीबुकात तिची कार्बन प्रत अजून असेल, तिच्यावर आमचे नाव आहे. पण त्या दुकानदाराला उद्या परत करावेसे वाटले, तरी किती, हे त्याला कुठेच सापडणार नाही.

यंदा सोयाबीन निघाले की पट्टीवर ओलाव्याचा आकडा लिहून द्या, एवढेच मागायचे आम्ही घरात ठरवले आहे. नाही म्हणाले, तर काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.