पराभवाची मालकी

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी साहित्यविचाराने एके काळी फार जिव्हाळ्याने चर्चिला होता. दुसऱ्याचे दुःख रंगभूमीवर पाहण्यासाठी माणूस पदरचे पैसे खर्चून का जातो, डोळे पुसत बाहेर का पडतो आणि तरीही पुढच्या प्रयोगाला पुन्हा रांगेत का उभा राहतो, याचा उलगडा करताना न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो खरा, पण आपण कोण आहोत ही जाणीव तो सोडून देत नाही, असे तिचे थोडक्यात सार. ही उपपत्ती सर्वमान्य ठरली नाही, हे मी जाणतो. तथापि आयुष्याचा बराच मोठा भाग मैदानांच्या कडेला बसून घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती राहून राहून आठवते. कारण खेळातला पराभव पाहून आम्हांला होणारे दुःख नेमके कोणत्या जातीचे, आणि ते वर्षानुवर्षे सोसूनही खेळावरचे प्रेम आटत का नाही, या प्रश्नाच्या दारापर्यंत ती मला आणून सोडते.

दारापर्यंतच, कारण नाटक आणि खेळ यांत मूलभूत भेद आहे. ‘एकच प्याला’तल्या सिंधूचा अंत पाहून हुंदके देणाऱ्या प्रेक्षकाला पक्के ठाऊक असे, की हे दुःख गडकऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले आहे आणि पुढच्या प्रयोगाला बालगंधर्व पुन्हा सिंधू होऊन उभे राहणार आहेत. मैदानावरचे दुःख कुणीच लिहिलेले नसते. ज्याच्यावर ते कोसळते तो नट नसतो. सामना संपल्यावर तोंडावरचा रंग पुसून त्याला दुसरे कुणी होता येत नाही, आणि त्या चेंडूचा पुन्हा प्रयोग लागत नाही.

मे १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर झालेला रणजी करंडकाचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला, त्यांना मी काय म्हणतो ते निराळे समजावून सांगावे लागणार नाही. कपिलदेवच्या हरियाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या, त्यांत एकट्या दीपक शर्माच्या १९९ होत्या. मुंबईने ४१० पर्यंत मजल मारली. हरियाणाचा दुसरा डाव २४२ वर आटोपला आणि अखेरच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ धावांचे लक्ष्य उभे राहिले. पहिले तीन गडी ३४ धावांत गेले, तेव्हा उत्तरेकडच्या बाकांवर माझ्या आसपास बसलेल्या मंडळींनी डबे उघडले होते. सामना वाचवला तरी पुष्कळ झाले, असा एकंदर सूर होता. मग अठरा वर्षांच्या तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा काढून तो सूरच पालटून टाकला. तो बाद झाल्यावर मामला सर्वस्वी दिलीप वेंगसरकरांच्या हाती आला. नऊ गडी बाद ३०५ अशा अवस्थेत अकरावा फलंदाज अ‍ॅबी कुरुविला त्यांना येऊन मिळाला, तेव्हा ५० धावा हव्या होत्या. वेंगसरकरांच्या पायांत गोळे आलेले, त्यांच्यासाठी लालचंद राजपूत धावतो आहे, आणि उभे राहणेही कठीण झालेला तो उंच माणूस चेंडू सीमेपार धाडतो आहे, हे दृश्य मी उभ्याने पाहिले. त्या वेळी बसलेले असे कुणी नव्हतेच. शेवटच्या जोडीने ४७ धावा जोडल्या आणि कुरुविला धावबाद झाला. मुंबई ३५२. दोन धावांनी हार. १३९ धावांवर नाबाद राहिलेले वेंगसरकर मैदानातच रडले.

चर्चगेटहून दादर, आणि दादरचा पूल ओलांडून मुलुंडची गाडी, असा आमचा परतीचा नित्याचा मार्ग. त्या संध्याकाळी डब्यात माझ्यासमोर एक मध्यमवयीन गृहस्थ कचेरीतल्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत पेन्सिलीने मांडलेला सबंध धावफलक मांडीवर घेऊन बसले होते. गड्यांची नावे, षटकांच्या बारीक ठिपक्यांच्या रांगा, बेरजा, सारे सुबक होते. फक्त ३५२ या आकड्याखाली मारावयाची रेघ त्यांनी मारलेली नव्हती. घाटकोपर येईतो पेन्सिल त्यांच्या बोटांत तशीच होती. मला वाटते, त्या न मारलेल्या रेघेत केळकरांचा सारा ‘विकल्प’ होता. हिशेब मिटवण्याचा अधिकार आपला नाही, तो ज्याचा आहे तो माणूस अजून मैदानावर डोळे पुसतो आहे, हे त्या गृहस्थांना कुणी न सांगता समजले असावे.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पराभवाची मालकी खेळाडूची असते. प्रेक्षक हा फार तर त्या दुःखाचे कूळ. कसण्याचा हक्क त्याला जरूर आहे, पण सातबारा त्याच्या नावावर नाही. हा भेद ज्या क्षणी विसरला जातो, त्या क्षणी रसिकाचा जमाव होतो.

याचे सर्वांत क्लेशकारक उदाहरण कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सचे. पण त्याचा एक धागा आमच्या मध्य रेल्वेच्या उपनगरांतून जातो. १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना एक बाद ९८ वरून भारताची आठ बाद १२० अशी वाताहत झाली आणि प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, बाकांना आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. दहा धावांवर नाबाद असलेला विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. हा मुलगा कांजूरमार्गचा, म्हणजे घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या एका स्थानकाचा. १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकरबरोबर ६६४ धावांची अभंग भागीदारी करताना त्याच्या स्वतःच्या ३४९ होत्या. पुढे १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत त्याने २२४ आणि २२७ धावा काढल्या. १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरी राखूनही वयाच्या तेविसाव्या वर्षानंतर तो कसोटी खेळला नाही. त्याच्या पुढच्या आयुष्याची चिरफाड करण्याचा हक्क पुष्कळांना आहेसा वाटतो; मला तो वाटत नाही. मला एवढेच दिसते, की ज्याचा पराभव होता तो रडत होता आणि ज्यांचा नव्हता ते जाळपोळ करीत होते.

लॉइड यांना त्या रात्री वानखेडेची आठवण झाली असेल काय? जानेवारी १९७५ मध्ये, त्या मैदानावरच्या पहिल्याच कसोटीत, त्यांचे द्विशतक पुरे होताच एक तरुण अभिनंदनासाठी धावत आत गेला. पोलिसांनी त्याला मारले आणि त्यावरून मैदानात दंगल पेटली. दंगल वाईटच. तरीपण परक्या संघाच्या कर्णधाराला हात मिळवावा म्हणून कुंपण ओलांडणाऱ्या त्या पोराच्या पायांत जे प्रेम होते, त्याचा वारसा मला सांगावासा वाटतो.

तोच वारसा ३१ जानेवारी १९९९ रोजी चेपॉकवरच्या प्रेक्षकांनी चालवला. पाठदुखीने कळवळत तेंडुलकरने १३६ धावा केल्या, तो बाद झाला, २७१ चा पाठलाग करणारा भारत बारा धावांनी हरला. आणि काही क्षण सुन्न बसलेले ते सबंध मैदान उठून उभे राहिले व त्याने वसीम अक्रमच्या पाकिस्तानी संघाला टाळ्यांचा मान दिला. आपल्या देशाच्या क्रीडाइतिहासात याहून उंच क्षण मला माहीत नाही. त्याच वर्षी १९ मे रोजी विश्वचषकात भारत झिंबाब्वेकडून तीन धावांनी हरला. पण त्या हरण्याची खंत आम्हां मराठी माणसांना फारशी आठवत नाही, कारण त्याच दिवशी कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर वारले. वडिलांचे अंत्यदर्शन घेऊन इंग्लंडला परतलेल्या मुलाने २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढून आभाळाकडे पाहिले, तेव्हा पराभव आणि शोक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक घरातल्या शाळकरी पोरालाही कळून चुकले.

आमच्या बोलण्यात ही सरमिसळ सर्रास होते. अंतिम सामना गमावला की वृत्तपत्रे ‘शोकांतिका’ असा मथळा देतात. शोकांतिका म्हणजे काय ते नरी कॉन्ट्रॅक्टर यांना विचारावे. मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या त्या तरुण कर्णधाराच्या डोक्याला लागला. शस्त्रक्रिया झाल्या, प्राण वाचले, पण कसोटीचे दार कायमचे मिटले. त्या रात्री रक्त देण्यासाठी जे पुढे झाले त्यांत उमरीगर, नाडकर्णी आणि बोर्डे होते, आणि प्रतिस्पर्धी वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला शिरस्त्राणाविना फॉरवर्ड शॉर्टलेगला उभा राहिलेला रमण लांबा चेंडू लागून गेला. त्याच जागेवर, तसाच उघड्या डोक्याने उभा राहून आमच्या एकनाथ सोलकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा तो मुलगा फलंदाजापासून हातभर अंतरावर उभा असे तेव्हा आम्ही टाळ्या वाजवीत होतो. आपण कशाला टाळ्या वाजवतो आहोत, त्याची खरी किंमत लांबाच्या मृत्यूने आम्हांला सांगितली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीला ६३ धावांवर खेळणारा फिलिप ह्यूज गेला, तेव्हा जगभर लोकांनी दाराबाहेर बॅटी उभ्या करून ठेवल्या. त्या बॅटींत कोणत्याही संघाचा झेंडा नव्हता.

पराभव आणि मृत्यू यांखेरीज एक तिसरे दुःख आहे, आणि मुंबईकराला ते सर्वांत जवळचे असावे. त्याला तारीख नसते. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर १६ धावांत ८ गडी टिपून मुंबईला लागोपाठ पंधरावे अजिंक्यपद मिळवून दिले. निवृत्तीनंतर संघाला गरज पडली तेव्हा १९८७-८८ च्या हंगामात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा चेंडू हातात घेतला. पण बेदींसारख्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या काळात जन्मल्यामुळे भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर कधी चढली नाही. ३ मार्च २०२५ रोजी ते वारले. अमोल मुजुमदारची कैफियतही त्याच दप्तरातली. ६६४ धावांची ती भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसलेला हाच. पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा काढणारा हाच. ११,१६७ धावा जमवूनही कसोटीची वाट पाहत राहिलेला हाच. ही माणसे एकाही चेंडूला हरली नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी कुणी मैदानात रडलेही नाही. पण कांगा लीगमध्ये, पावसात, चिखल झालेल्या खेळपट्टीवर, चाळीसपन्नास प्रेक्षकांपुढे ती खेळत राहिली. मुंबईच्या क्रिकेटला जी ‘खडूस’ म्हणतात ती वृत्ती मला जिंकण्याच्या ईर्षेत दिसत नाही. वाट पाहूनही न सुटणाऱ्या या निष्ठेत दिसते.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक मुजुमदार होता. तीन दिवस आधी उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य पार करून देणारी, नाबाद १२७ धावांची, जेमिमा रॉड्रिग्ज भांडुपला जन्मलेली. त्याच स्पर्धेत एका सामन्यात तिला संघाबाहेर बसवले होते. बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माने नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदाबादला अंतिम सामना गमावला आणि जून २०२४ मध्ये, कॉन्ट्रॅक्टर कोसळले त्याच ब्रिजटाऊनच्या मैदानावर, विश्वचषक उचलला. या विजयांनी जुनी दुःखे फिटली असे मी म्हणणार नाही. शिवलकरांची टोपी कुठल्याच विजयाने परत येत नाही, आणि वेंगसरकरांच्या त्या दोन धावाही नाहीत.

म्हणून वाचकांपाशी एक मागणे आहे. दिवाळीनंतर मुलुंड-घाटकोपरला, अंधेरी-बोरिवलीला शाळाशाळांचे आणि जिमखान्यांचे सामने रंगात येतील. घराजवळच्या एखाद्या मैदानावर जरूर जा, नावे माहीत नसलेली पोरे खेळताना पाहा. आणि सामना संपल्यावर लगेच उठून जाऊ नका. हरलेला संघ तंबूकडे परतत असेल तेव्हा उभे राहा, आणि त्यांतला शेवटचा मुलगा आत जाईपर्यंत टाळ्या वाजवा.