आसन्न आणि अचूक

गणितात उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक, अशी आपली शाळेपासूनची समजूत. दहावीतल्या नातीला वर्तुळपाकळीची (तिच्या हिंदी पुस्तकात ‘त्रिज्यखंड’) उदाहरणे समजावून देताना ही समजूत डळमळली.

उदाहरण साधे होते. चौकोनी शेताच्या कोपऱ्यात ७ मीटर दोरीने गाय बांधली आहे. तिला किती क्षेत्रात चरता येईल? कोपऱ्याचा कोन ९० अंश, म्हणून वर्तुळाचा चौथा भाग: ३८.५ चौरस मीटर. दोरी ताणून ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरली, तर कंसाची लांबी ११ मीटर. नातीने विचारले, “आजोबा, दोरी नेहमी ७, १४ किंवा २१ मीटरच का असते?” मी म्हटले, २२/७ मधला सात कटावा म्हणून. “म्हणजे उत्तर सुबक यावं म्हणून गाय तशी बांधली? आणि मग हे बरोबरचं चिन्ह खरं कसं?”

प्रश्न नैतिक आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. त्या कंसाची खरी लांबी ११ मीटरांहून चार-साडेचार मिलिमीटर कमी भरते. गायीला त्याचे काही नाही; पण लिहिणाऱ्याला असावे की नाही?

आपल्या पूर्वसूरींना होते. आर्यभटाने २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२८३२ सांगितला आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळ पोहोचलेला, असे विशेषण जोडले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म म्हणून दिले आणि २२/७ हे स्थूल, व्यवहारापुरते. दोन पूर्णांकांच्या कोणत्याही अपूर्णांकाने हे गुणोत्तर नेमके सांगता येणार नाही, हे लांबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. तेव्हा स्थूल उत्तर देणे हा दोष नव्हेच. स्थूलाला सूक्ष्माचे वस्त्र नेसवणे हा दोष.

तो माझ्या हातून घडला आहे. महसूल खात्यात असताना दोन भावांच्या सीमांकनाचे प्रकरण माझ्यापुढे आले. मधून नाला वाहत होता. त्याच्या वळणातला तुकडा आम्ही ३५ मीटर त्रिज्येची, ७२ अंशांची पाकळी धरून मोजला. ७७० चौरस मीटर. धाकटा भाऊ हात जोडून म्हणाला, “साहेब, नाला असा गोल कुठे आहे?” तो खरे बोलत होता. खालच्या अंगाला वळण बरेच फुगलेले होते. २२/७ ने होणारी चूक अडीच हजारांत एक, ती कुणालाही काढता येते. नाल्याला वर्तुळ मानण्यातली चूक किती, हे आम्ही मोजलेच नव्हते. आदेशात मात्र मी ७७० लिहिले. ‘सुमारे’ हा शब्द लेखणीपर्यंत आला होता. तो लिहिला असता, तर वकिलाला अपिलासाठी आयते भोक सापडले असते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक आकड्याला ‘सुमारे’ लावले तर तंटा मिटायचा कधी? अधिकाऱ्याने कुठेतरी रेघ ओढलीच पाहिजे. मान्य. पण रेघ ओढणे हा माझा अधिकार होता. ती रेघ नाल्याचीच आहे, असे भासवणे हा नव्हता. आकडा स्थूल आहे, तरी वाद मिटावा म्हणून तो ग्राह्य धरीत आहे, एवढे एक वाक्य पुरले असते. धाकट्याला जमीन कदाचित तेवढीच मिळाली असती. आपले म्हणणे खोटे ठरवले गेले, असे मात्र त्याला वाटले नसते. त्याने अपील केले नाही. तेव्हा मला ते आपल्या आदेशाचे यश वाटले होते.

नातीने उत्तर पुन्हा लिहिले, ३८.५ च्या आधी ‘लगभग’ घालून. गुण कापतील का, असे तिने विचारले. कापू शकतात, एवढेच मी सांगितले. तिने क्षणभर वहीकडे पाहिले आणि पान उलटले.