न दिसणारी निगा



दसऱ्याला आपण गाडी लख्ख धुतो, तिला झेंडूचा हार घालतो. पण गाडीचं आयुष्य ठरतं ते न दिसणाऱ्या गोष्टींवर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. घाट उतरताना ब्रेक तापले, की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून गाडी फारशी फिरली नसली, तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. टायरचंही तसंच. त्याच्या कडेवर कोरलेले ‘२३१९’ हे आकडे सांगतात, हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतंच.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीत उतरली, तर पाच वर्षांनी वाढते. म्हणजे वय झालेल्या गाडीची कायदाही तब्येत बघतो.

मोडल्यावर धावपळ करणारे पुष्कळ असतात. मोडू नये म्हणून वेळेवर वाकून पाहणारा घरात एखादाच असतो आणि त्याच्या कामाला कुणी शाबासकी देत नाही, कारण काही बिघडलेलंच नसतं. आपल्या घरातला तो माणूस ओळखा. आणि पुढच्या वेळी बॉनेट उघडताना मुलांनाही शेजारी उभं करा.