म्हाताऱ्यांचीही वेळ मोजा

तालुक्याच्या गावी प्रजासत्ताक दिनाला किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला निघणाऱ्या दौडीचं पत्रक पाहा. चौदा वर्षांखालील मुलं, सोळा वर्षांखालील मुली, खुला गट, प्रत्येकाचं अंतर आणि बक्षिसं, सगळं नीट मांडलेलं असतं. शेवटची ओळ ज्येष्ठ नागरिकांची: वय 60 वर्षे व पुढे, सहभागी सर्वांना प्रमाणपत्र. या एका ओळीत साठीचा निवृत्त शिक्षक आणि ऐंशीचा शेतकरी शेजारी शेजारी उभे केले जातात. अंतर बहुधा अंदाजाने ठरवलेलं असतं आणि वेळ कुणी घेत नाही. मग व्यासपीठावर शाल, श्रीफळ, टाळ्या आणि ‘या वयातही’ अशी सुरुवात असलेलं एक वाक्य.

या वागण्यामागे प्रेम आहे, हे मला मान्य आहे. पण त्यात एक समजूतही दडलेली आहे. म्हातारा माणूस धावतो तो साखर आटोक्यात राहावी म्हणून, नाहीतर तरुणांना प्रेरणा मिळावी म्हणून, असं आपण धरून चालतो. तो दुसऱ्या म्हाताऱ्याला हरवायला आला असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि आमच्या शहरातल्या पाच किलोमीटरच्या दौडीला मी त्यासाठीच जातो.

पाच किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. शर्यत म्हणून धावलं की ते अजिबात किरकोळ राहत नाही. सुरुवातीला पोरं सुसाट निघून जातात, त्यांच्या नादाने आपलाही पेस चढतो आणि तो तिथेच आवरावा लागतो. तिसऱ्या किलोमीटरला उड्डाणपुलाचा चढ लागतो. पोटऱ्या भरून येतात, तोंड कोरडं पडतं, पावलांशी जमवलेला श्वासाचा ताल मोडतो. गेल्या दौडीत माझ्यापुढे वीसेक पावलांवर एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. माझ्याहून थोडे मोठे, पायात साधे कॅनव्हासचे बूट, बिब चारी कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावून बनियनवर ताणून बसवलेला. पूल उतरताना त्यांचा उजवा पाय किंचित बाहेर पडतो, हे मला पाठ झालं होतं. बराच वेळ मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. रस्त्याच्या कडेने कुणीतरी ओरडलं, “आजोबा, सावकाश!” शेवटच्या वळणावर मी त्यांच्या खांद्यापाशी पोचलो आणि ते पुन्हा निसटले. नंतर पाणी पिताना ते म्हणाले, “तुमचा श्वास मागून ऐकू येत होता, म्हणून पळालो. नाहीतर पुलावरच सोडून दिलं होतं मी.” आमच्या दोघांचंही टायमिंग कुणी लिहून घेतलं नाही.

मला ते हवं होतं. साठी उलटली की आजूबाजूची माणसं आपल्याशी जपून बोलू लागतात. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने छान आहे. मुलं म्हणतात, बाबा अजून तरुण आहेत. यात वाईट काही नाही, पण खरं काय ते यातून कळत नाही. मोजलेल्या रस्त्यावरची मोजलेली वेळ ते सांगते. गेल्या वर्षीपेक्षा चाळीस सेकंद जास्त लागले, तर तेवढे लागले. ज्याच्याशी इतकं सरळ बोललं जातं, त्याला अजून कुणीतरी माणसात धरलेलं असतं.

वेळ मोजायची तर वयाचाही नीट हिशेब ठेवावा लागतो. तिशीनंतर, व्यायाम न करणाऱ्या माणसाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटते. जोरकस सराव चालू ठेवणाऱ्यांची ही घसरण मंद असते, पण थांबत नाही. हृदयाचे कमाल ठोके सरावानेही पूर्वीइतके राखता येत नाहीत. वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात. मिनिटाला पडणारी पावलं फारशी कमी होत नाहीत, पण एकेक पाऊल आखूड होतं. त्यामुळे एकसष्ट आणि शहात्तर यांतलं अंतर पंचवीस आणि चाळीस यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं असतं. ‘साठ व पुढे’ हा गट म्हणूनच अन्यायाचा आहे. त्यात एकसष्टचा जिंकणार, हे शिट्टी वाजण्याआधीच ठरलेलं असतं.

यावरचा उपाय जुना आहे. ज्येष्ठ खेळाडूंची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा 1975 मध्ये टोरांटोत झाली. या स्पर्धांत आज पाच-पाच वर्षांचे गट असतात, पार शंभरीच्या पुढेपर्यंत. शिवाय वयानुसार गुणांकनाचे तक्ते आहेत. त्या वयातल्या सर्वोत्तम वेळेच्या किती टक्के आपण गाठलं, ते त्यातून कळतं. सत्तरीतल्या पुरुषाने पाच किलोमीटर 25 मिनिटांत काढले, तर ती कामगिरी तरुण धावपटूच्या साधारण 18 मिनिटांच्या तोडीची ठरते. आमच्या गावच्या खुल्या गटातल्या किती पोरांना 18 मिनिटं जमतात, ते एकदा पाहावं.

कॅनडाचे एड व्हिटलॉक 2004 मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावले. घराजवळच्या दफनभूमीत ते तासन्‌तास फेऱ्या मारत. त्या रोजच्या धावण्यात त्यांना विशेष गोडी नव्हती; त्यांना शर्यत आवडायची. 2017 मध्ये ऑकलंडला मन कौर शंभर मीटर धावल्या तेव्हा त्यांचं वय 101 होतं आणि त्यांच्या गटात त्या एकट्याच होत्या. तरीही वेळ घेतली गेली. 74 सेकंद. आज तो आकडा त्यांच्या नावाला जोडलेला आहे.

आता आपल्याकडचं पाहा. बारामतीच्या शर्यतीत 2014 मध्ये लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचारांसाठी त्यांना बक्षिसाची रक्कम हवी होती. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि 67व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. हे सगळं योग्यच झालं. पण आपल्याला लुगडं आठवतं, पाय आठवतात, परिस्थिती आठवते. त्यांनी ते अंतर किती मिनिटांत तोडलं, हे कुणी विचारत नाही. त्या जिंकल्या होत्या, आणि जिंकायचं तर आधी वेगाने धावावं लागतं.

धोक्याचं बोलायलाच हवं. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या घटना 59 होत्या, त्या माणसांचं सरासरी वय 42 होतं आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये प्रमाण अर्धमॅरेथॉनपेक्षा जास्त होतं. याचा अर्थ म्हाताऱ्यांनी बेफिकीर राहावं असा नाही. स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, छातीत जडपणा वाटला तर तिथेच थांबावं आणि आयोजकांनी रुग्णवाहिका फिनिश लाईनजवळ उभी ठेवावी. पण एक विसंगती पाहा. आपल्याकडच्या मोठ्या स्पर्धांत लांब अंतरांना वयोगट आणि नोंदलेली वेळ असते, तर लहान अंतर बहुतेक ठिकाणी ‘फन रन’ म्हणून सोडून दिलेलं असतं. साठीच्या माणसाला आपली खरी वेळ हवी असेल, तर त्याला 21 किलोमीटरला नाव द्यावं लागतं. पाच किलोमीटरवर जीव तोडून धावण्याची ज्याची तयारी आहे, त्याला आपण गुडघ्यांना न पेलणाऱ्या अंतराकडे ढकलतो आणि वर काळजीही करतो.

बायकांच्या बाबतीत हे आणखी खटकतं. आज सत्तरीत असलेल्या बायका तरुण होत्या तेव्हा ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉनच नव्हती. ती 1984 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली. शाळेच्या मैदानावर त्यांच्या वाट्याला आली ती कवायत. आयुष्यात पहिल्यांदाच छातीवर नंबर लावून उभ्या राहिलेल्या बाईला, नावं कमी आली म्हणून गट रद्द केला, असं ऐन वेळी सांगितलं जाताना मी पाहिलं आहे.

आमच्या आयोजकांना मी लेखी दिलं आहे. अंतर चाकाने मोजून घ्यावं. साठीपुढे पाच-पाच वर्षांचे गट करावेत, बायकांचे आणि पुरुषांचे वेगळे, आणि गटात एकच नाव आलं तरी तो गट धावू द्यावा. चिप परवडत नसेल तर स्टॉपवॉच घेतलेली दोन मुलं आणि बिब क्रमांक उतरवून घेणारा एक जण पुरेसा आहे. निकाल दुपारपर्यंत फलकावर लागावा, पहिल्या तिघांचाच नव्हे तर सगळ्यांचा. शालींचा खर्च वाचेल, त्यात हे सहज बसतं.