माळवदाला कठडा



जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटासा नियम आहे. नव्या घराच्या छपराला कठडा घालावा, म्हणजे वरून कोणी पडून त्याच्या मरणाचा दोष घरावर येणार नाही. आपल्या मराठवाड्यात हे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकणाऱ्याला कठड्याची किंमत ठाऊक असते. विशेष हे, की उपासनेचे नियम सांगणाऱ्या परमेश्वराने गवंड्याच्या कामातही लक्ष घातले.

हे आठवण्याचे कारण म्हणजे एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न. त्यांनी जुनी मोटार विकत घेतली. पुढे कळले की तिच्या एअरबॅगसाठी कंपनीने गाडी परत बोलावली होती. पत्र गेले पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. आता सर्व्हिस सेंटर दूर, एक दिवसाची मजुरी बुडणार, पेट्रोल वेगळे. "फादर, इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच का?"

याचे उत्तर त्या यंत्रातच आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमटपणा यांनी ते बिघडते. मग अपघाताच्या क्षणी स्फोट प्रमाणाबाहेर होतो आणि धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. 2014 साली मलेशियात एक गर्भवती स्त्री अशीच दगावली. भारतात होंडा कंपनीने जुलै 2016 मध्ये 1,90,578 आणि जानेवारी 2017 मध्ये आणखी 41,580 गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. इतर कंपन्यांनीही बोलावल्या. म्हणजे "इतकी वर्षे काही झाले नाही" हा दिलासा इथे उलटा आहे. वय वाढते तसा धोका वाढतो, आणि सेलूचा मे महिना आपण जाणतोच.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा न्याय आहे. बैलाने अचानक कोणाला मारले तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे धन्याला सांगितलेले असून त्याने तो बांधला नाही, तर दोष धन्याचा. रिकॉलचे पत्र हेच ते सांगणे होय. ज्याला पत्र मिळालेच नाही तो काल निर्दोष होता; आज कळल्यावर नाही. शिवाय जे जाणून घेणे शक्य होते आणि आपले कर्तव्यही होते, ते न जाणणे हाही दोष ठरू शकतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात.

"देव पाहून घेईल" असेही कोणी म्हणते. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानानेही प्रभूला सुचवले होते (मत्तय 4). प्रभूने उडी टाकली नाही.

दुसरी वाट म्हणजे गाडी विकून मोकळे होणे. याबद्दल संत थॉमस स्पष्ट आहेत. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसते. पण दोष लपलेला आणि धोक्याचा असेल तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगता विकली तर धोका संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या लेकरांच्या पुढ्यात जातो. गॅरेजवाल्याकडून फ्यूज काढून घेणे हाही उपाय नव्हे. त्याने संरक्षणच जाते. आणि स्टिअरिंग तर घरी उघडूच नये, आत स्फोटक असते.

कायद्याचीही मर्यादा आहे. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांवर रिकॉलची सक्ती आली, परंतु ती सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. तरी ताकाताचा भाग जुन्या गाडीतही मोफत बदलून देण्याची सोय कंपन्यांनी ठेवली आहे. म्हणून आधी फोन करून वेळ आणि सुटा भाग मिळेल याची खात्री करावी. तोवर, दोष डाव्या बाजूच्या एअरबॅगचा असेल तर पुढे शेजारी कोणाला बसवू नये. चालकाच्या बाजूचा असेल तर गाडी शक्यतो उभीच ठेवावी.

ज्याचे पोटच त्या गाडीवर आहे, त्याला गाडी उभी ठेव म्हणणे मला सोपे आहे, हे मी जाणतो. म्हणून ज्यांच्याकडे दुसरे वाहन आहे त्यांनी एखादा दिवस ते अशा बांधवाला द्यावे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आपापले आरसी पुस्तक घेऊन थांबावे. त्यावरील सतरा अक्षरांचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून आपले युवक गाडी यादीत आहे का ते पाहून देतील. जुनी गाडी घेतलेल्या शेजाऱ्यांनाही, ते कोणत्याही धर्माचे असोत, निरोप द्यावा.