सोयरा

बसल्या जागी थोडे सैल व्हा. पाठ मुद्दाम ताठ करू नका. ओसरीवर टेकतो तसे टेका. श्वास चालला आहे तसा चालू द्या. आता मनात एक नाव घ्या. सोयरा.

पुन्हा एकदा, ओठांतल्या ओठांत. ‘सो’ म्हणताना ओठ गोल होतात, ‘रा’ला तोंड उघडते. घाई नको.

या नावाची मुलगी तुमच्या शाळेत होती का? आठवून पाहा. शारदा, सुनंदा, मंगल आठवतील. सोयरा बहुधा सापडणार नाही. शब्द मात्र आपल्या रोजच्या वापरातला. सोयरे, सोयरीक, सगेसोयरे. २०२४च्या जानेवारीत तर ‘सगेसोयरे’ सरकारी अधिसूचनेच्या मसुद्यात आले आणि त्या एका शब्दाच्या व्याख्येवरून गावोगाव चर्चा झडल्या.

सगा आणि सोयरा यांतला फरक जरा घोळवा. सगा रक्ताचा. सोयरा जोडलेला. सोयरीक जुळवावी लागते. कोणीतरी उंबऱ्यापर्यंत येऊन ‘तुम्ही आमचे’ म्हणावे लागते. आपण मुलींना फुलांची, नद्यांची, देवींची नावे ठेवतो. हे नाव नात्याचे आहे, आणि ते नाते एकट्याने होत नाही. इथे थोडे थांबा. तुम्हाला असे आपले म्हणणारे माणूस कोण, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येऊ द्या.

हे नाव म्हटले की आधी महाराणी सोयराबाई आठवतात. मोहिते घराण्यातल्या, हंबीररावांच्या बहीण, राजाराम महाराजांच्या आई. ६ जून १६७४ला रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात पट्टराणी म्हणून त्या शेजारी बसल्या. पुढे कथा-कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी त्यांना कारस्थानी सावत्र आई करून ठेवले. पाळण्यावरून हे नाव उतरले ते त्यामुळेच, असे मला वाटते. त्यांच्यापाशी आज रेंगाळू नका. आणखी तीनशे वर्षे मागे या.

मंगळवेढा. चौदावे शतक. गावकुसाबाहेरची वस्ती, आणि तिथे संत चोखोबांच्या घरात त्यांची बायको. तिचे नावही सोयरा. जिच्या स्पर्शाचा गावाला विटाळ, तिच्या नावाचा अर्थ मात्र नातलग. या एका गोष्टीवर मन ठेवा. अर्थ लावायची घाई करू नका, नुसते बसा.

आता वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एक रात्र आठवा. सोयराचे दिवस भरले आहेत. चोखोबा घरी नाहीत. मदतीला कोणी नाही. तेवढ्यात नणंद निर्मळा दारात उभी राहते. पाणी तापवते, बाळंतपण निभावते, बाळबाळंतिणीचे सारे करते. पुढे खरी निर्मळा येते, तेव्हा कळते की आधी आलेला पंढरीचा विठ्ठल होता. ज्याच्या देवळाची पायरी या घराला बंद होती, तो या घरात आला तो बाळाची आत्या होऊन. राजा होऊन नाही, साधू होऊन नाही. घरातली बाई होऊन आला, आणि बाळंतपणाच्या रक्ताला त्याने हात लावला.

जन्माच्या अशौचाला आपल्याकडे ‘सोयर’ म्हणतात. सोयर-सुतकातला सोयर. सोयरा आणि सोयर हे शब्द एकमेकांचे कोण लागतात या वादात मी पडत नाही. पण कानाला ते शेजारी ऐकू येतात, आणि तिने आपल्या अभंगांत विटाळाबद्दल थेट देवालाच विचारले: देह विटाळातूनच घडतो, तर सोवळा कोण? त्या प्रश्नाला आजही तिच्याइतके सरळ भिडलेले मला फारसे कोणी दिसत नाही.

एक लहानशी गोष्ट मात्र मला सोडत नाही. तिच्या अनेक अभंगांत सही आहे ‘चोख्याची महारी’ अशी. नवऱ्याचे नाव आहे, जात आहे. सोयरा हे नाव तिने तिथे ठेवलेच नाही. श्वास सोडा, आणि त्या मोकळ्या जागी तुम्ही ते नाव ठेवा.

तिचा ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग किशोरी आमोणकरांनी भैरवीत गायला. तो ऐकून डोळे पुसणाऱ्यांपैकी कित्येकांना तो कोणाचा हे ठाऊक नसते. पंढरीचे ते मंदिर तिच्या माणसांसाठी उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

तिच्या त्या बाळाचे नाव कर्ममेळा. मोठा होऊन त्यानेही अभंग रचले, आणि देवाला कठोर प्रश्न विचारले.

आता डोळे उघडा. तुमच्या घरी लवकरच बारसे असेल, आणि बाळाच्या कानात कुर्रर्र करण्याचा आत्याचा मान तुमचा असेल, तर वाकण्याआधी क्षणभर थांबा आणि या नावाचा विचार करा.