सट्टा पाप, पण जोखीम कोणाची?

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या बालाघाटी रानात सोयाबीन पेरतात पाऊस पडल्यावर. पैसे दिसतात दसरा-दिवाळीला. मधल्या काळात भावाचा जुगार शेतकरी न मागता खेळतोच.

पुढच्या महिन्यांचे सौदे आजच्या ठरलेल्या भावानं करणाऱ्या वायदे बाजारात ही जोखीम दुसरा अंगावर घेतो. नफ्यासाठीच, पुण्यासाठी नव्हे. मग तो पापी का? महाभारतातल्या द्यूतात जोखीम फाशांनीच जन्माला घातली. इथं ती पावसानं आधीच आणलेली असते. नीतीच्या हिशेबात हा फरक मोठा. अर्थात, मालाशी संबंध नसलेल्या पैजांना ही सबब चालणार नाही.

डिसेंबर २०२१मध्ये बाजार नियामक सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले. पुढं मुदत वाढत गेली. छोटा शेतकरी वायद्यात क्वचितच उतरतो, पण पुढच्या महिन्याचा भाव त्याला तिथं दिसायचा. वायदे थांबल्यावर विचारायचं उरलं ते आडत्यालाच.